हूविनकेरेचा बोर्ड

हूविनकेरेचा बोर्ड मला दिसला होता. रस्त्याच्या डाव्या हाताला, निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, खाली बाण, तीन किलोमीटर. झाडाआड नव्हता, वाकलेला नव्हता. तरी मी पांडुनानांना सांगितलं, "दिसला नाही." पन्नाशी उलटलेला, कॉलेजात भूगोल शिकवणारा माणूस चौऱ्याहत्तर वर्षांच्या शेजाऱ्याशी धडधडीत खोटं बोलला. हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी नाना सांगायला हवेत, आणि नानांची कुठलीच गोष्ट सरळ रस्त्याने जात नाही.

पांडुनाना मैसूरच्या आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहतात. घराणं शिंप्याचं, विठ्ठलाचं. किती पिढ्या इथे झाल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. दुकान बंद करून चार वर्षं झाली तरी मापाची टेप गळ्यात असतेच. त्यांना माणूस नावाने लक्षात राहत नाही, मापाने राहतो. "कोण आलेलं रे तुझ्याकडं? कंबर छत्तीस, डावा खांदा उतरलेला," असा निरोप ते मला देतात. गंमत म्हणजे तेवढ्यावर मला माणूस ओळखता येतो.

नानांची बायको, आमच्या काकू, गेल्या त्याच वर्षी नानांनी दुकान बंद केलं आणि एका शाळेची जुनी व्हॅन घेतली. तिच्यातली बाकं काढून दुकानातलं कापायचं टेबल आत घातलं, त्याचा पलंग केला. ड्रायव्हरच्या सीटमागे पायाची मशीन बोल्टने घट्ट बसवली. एका कोपऱ्यात गॅसची शेगडी, कॉफीचं भांडं. पडदे शिवले ते गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांचे. आत आडवं झालं की सगळ्या गल्लीचे ब्लाऊज डोक्यावर हलतात.

माझ्या बायकोने पहिल्यांदा आत डोकावलं आणि ती ओरडली, "अय्यो नाना, हा माझ्या लग्नातला! तेव्हा तर कापड कमी पडलं म्हणाला होतात!"

"तेव्हा पडलं. नंतर उरलं की," नाना शांतपणे म्हणाले.

तिने त्यानंतर गाडीत पाऊल ठेवलं नाही.

नानांचा मुलगा बेंगळुरूला असतो. त्याची एकच अट होती, शहराबाहेर नानांनी गाडी चालवायची नाही. त्यामुळे सुट्टी आली की ड्रायव्हर मी. मला ते आवडायचंही. मी आदल्या दिवशी वहीत रस्ता लिहायचो, कुठे नाश्ता, कुठे डिझेल, किती वाजता कुठे. मग मैसूरला लागून असलेलं येलवालसुद्धा मागे पडायच्या आत नाना एखादा बोर्ड वाचायचे आणि म्हणायचे, "वळव की. सुम्ने बघून येऊया."

'सुम्ने' म्हणजे कन्नडमध्ये उगीच, काही कारण नसताना. नानांचा अर्धा प्रवास या एका शब्दावर चालतो. आम्ही उटीला तीनदा निघालो आणि उटी अजून पाहिलेली नाही. तलकाडला मात्र एकदा पोचलो. तिथे वाळूतून वर काढलेल्या देवळात सगळे हात जोडून उभे, आणि नाना खांबाला टेप गुंडाळून म्हणतात, "छाती अठ्ठावन्न. चांगला शिवलाय."

आडगावात शिरलं की त्यांचा क्रम ठरलेला. आधी तळं, मग देऊळ, मग तिथला टेलर. टेलरच्या दुकानात ते परवानगी न विचारता हँगरवरचा सदरा उलटा करून शिवण बघतात. गावाबद्दलही त्यांचं तेच. "हायवेवरनं दिसते ती सुलटी बाजू. आत शिरल्यावर कळतं, अस्तर आहे की नाही." बन्नूरला अस्तर आहे. किक्केरीला उत्तम आहे. एका गावाचं नाव मी सांगत नाही, तिथे "नुसती कॉलर, आत काही नाही" असा शेरा मिळाला.

मी वैतागायचो. "नाना, इथे बघायला काय आहे?"

"एनू इल्ल. काही नसू दे. बघितलं तर पाहिजे की नको?"

आणि भूगोलाचा माणूस गाडी वळवायचा.

आता माझी चूक. शिवमोग्याला माझ्या भाचीचा साखरपुडा होता, दुपारी साडेबाराला. माझी गाडी गॅरेजात. बायको आदल्या दिवशी रेल्वेने गेली होती. नाना म्हणाले, "आपली गाडी आहे ना!" सकाळी पाचला निघालो. किक्केरीला तळ्यावर कॉफी झाली. तिथेच एका फुलवालीच्या पिशवीचा बंद तुटलेला दिसला, तो नानांनी मशीनवर शिवून दिला. चन्नरायपट्टणला एका टेलरच्या सदऱ्याची शिवण तपासली. अरसीकेरे आलं तेव्हा दहा वाजून गेले होते आणि मी विनाकारण हॉर्न वाजवत होतो.

नानांना ते कळलं असावं. "मी जरा पडतो मागं," ते म्हणाले. मग पडद्याआडून आवाज आला, "कडूरच्या अलीकडं हूविनकेरेचा बोर्ड येईल. आला की उठव. तेवढं एक विसरू नको, बा."

चार वर्षांत नानांनी कुठलंही गाव आधी नाव घेऊन मागितलं नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझं लक्ष घड्याळात होतं. बोर्ड आला, मी तो पूर्ण वाचला आणि ॲक्सिलरेटरवर पाय दाबला.

कडूरच्या पुढे, तरीकेरेला नाना उठून पुढे आले. "बोर्ड?"

"दिसला नाही, नाना."

"काढला असेल. रस्ता रुंद करतायत ना," ते म्हणाले आणि गळ्यातली टेप नीट केली.

साखरपुड्याला मी वेळेवर पोचलो. पाहुणेच पाऊण तास उशिरा आले. परतताना कुणाला तरी हासनला सोडायचं होतं म्हणून रस्ता वेगळा घेतला. नानांनी विषय काढला नाही.

महिन्याभराने नानांच्या मुलाचा फोन आला. गाडीच्या फिटनेस सर्टिफिकेटची मुदत संपत आलीय, आता विकून टाकूया. नाना हो म्हणाले. रविवारी सकाळी ते गाडीत बसून पडदे उसवत होते, मी मशीनचे बोल्ट काढत होतो. मी सहज विचारलं, "नाना, तुम्हाला हा वळण्याचा नाद कधीपासून?"

"नाद कसला! तुझ्या काकूचं माहेर शिमोगा. वर्षातनं एकदा बसनं जायचो. ती खिडकीत बसून बोर्ड वाचायची. म्हणायची, अहो, इथं उतरूया की, सुम्ने. मी म्हणायचो, लग्नाच्या ऑर्डरी पडल्यात, पुढच्या वर्षी." त्यांनी दोऱ्याचं टोक दाताने तोडलं. "कुठले कुठले बोर्ड वाचायची ते आता आठवत नाही. माझं लक्ष कुठं होतं? म्हणून सगळीकडंच वळतो."

मी पुढच्या बोल्टला पाना लावला.

"एक तेवढं आठवतं. हूविनकेरे. म्हणजे फुलांचं तळं, म्हणाली, बघूया. मी ओरडलो तिच्यावर, सगळ्या बसमध्ये. शिमोगा येईपर्यंत बोलली नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी फक्त काढलेले बोल्ट पुन्हा बसवले आणि म्हणालो, "नाना, मुदतीला अजून आठवडा आहे."

मंगळवारी रजा टाकली. वहीत काही लिहिलं नाही. नाना सकाळपासून पुढेच बसले होते. वाटेत बोर्ड आले, पण ते एकदाही वळव म्हणाले नाहीत. कडूरच्या अलीकडे निळा पत्रा दिसला. नानांनी तो मोठ्याने वाचला, तीन किलोमीटरसकट. मी वळलो.

तळ्यात पाणी नव्हतं. भेगाळलेल्या मातीवर म्हशी फिरत होत्या, बांधावर एक बाई नाचणी वाळवत होती. फूल औषधालाही नव्हतं. नाना बांधावर चढून उभे राहिले. मग हसले. "अय्यो! उतरलो असतो तर इथंच भांडली असती माझ्याशी. फुलं कुठायत म्हणून."

हसता हसता ते टेपचं टोक बोटाला गुंडाळू लागले.

मी म्हणालो, "नाना, त्या दिवशी बोर्ड होता. मला दिसला होता."

"ठाऊक आहे रे," ते तळ्याकडेच बघत म्हणाले. "डोळा कुठं लागला होता माझा! पडद्याच्या फटीतनं मीही वाचला. गाडी जोरात गेली तेव्हा मनात म्हटलं, हाही ऑर्डरीवालाच, माझ्यासारखा."

मैसूरहून निघाल्यापासून मी माफीची वाक्यं जुळवत होतो. चांगली चार-पाच तयार होती. त्यांतलं एकही आलं नाही.

"चुकलं माझं, नाना," मी म्हणालो.