लोण्याला सुटला वास

सुगलो या नावाचा अर्थ धीर. आईबापांनी हौसेनं ठेवलं, त्यांचं काय जातंय! घानातल्या टमाले गावच्या कचेरीतल्या या कारकुनाला सगळं जमलं, धीर तेवढा जमला नाही.

त्या दिवशी आक्राहून बदलून आलेल्या नव्या साहेबांनी त्याच्या टेबलाशी येऊन नाक मुरडलं. "इथं कोणी भजी तळतंय का?"

भजी! अहो, हरमटानचा कोरडा वारा सुटला की अंगाची सालं निघतात. अख्खं गाव शिया झाडाच्या बियांचं लोणी अंगाला चोपडतं. त्याच लोण्यात स्वयंपाकही होतो, मग वास काय गुलाबाचा येणार? सुगलो भयंकर संतापला (साहेबांपुढे नाही, जिना उतरल्यावर). तडक मशिदीजवळच्या फेरीवाल्याकडून सगळ्यांत स्वस्त अत्तर घेतलं आणि घरातल्या लोण्याच्या तुंब्यात अख्खी बाटली ओतून ढवळली. बायकोला, अझाराला, सांगायचं मात्र राहिलं.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या बहिणीला, लारिबाला, मागणी घालायला मुलाकडचे आले. मुलाच्या हाजीकाकांच्या मांडीवर कोलाच्या बियांची पिशवी होती. ती पुढं ठेवली की सोयरीक पक्की. अझारानं चवळीच्या पिठाची गरमागरम तुबानी वाढली आणि वर लोणी सढळ हातानं सोडलं.

काकांनी एक घास घेतला. थांबले. डोळे मिटून दुवा पुटपुटले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "घरात कोण गेलं?"

"कोणी नाही!"

"मग तुबानीला कफनाच्या अत्तराचा वास कसा?" पिशवी मांडीवरून काखेत गेली. लारिबाला रडू फुटलं.

"अझारा!" सुगलो कडाडला. "पाहुण्यांना हे वाढतेस? माझ्या बहिणीच्या मुळावर उठलीस?"

"माझ्यावर कशाला ओरडता? सर्दीनं नाक चोंदलंय माझं. मला कसला वास नि कसलं काय!"

"वहिनीला का बोलतोस, दादा?" लारिबा हुंदका गिळत म्हणाली. "सकाळपासून तुझ्याच अंगाला मारतोय तो वास!"

काकांनी सुगलोचा हात ओढून कोपरापर्यंत हुंगला.

"सापडली मय्यत," ते म्हणाले. "आणि वर बायकोवर ओरडतेय!"

सगळे खो खो हसले. काकांनी डोळे पुसत पिशवी लारिबापुढं ठेवली.

"पोरगी आमची झाली. फक्त लग्नात या भावाला लांब बसवा. नाहीतर वऱ्हाडी जेवायचं सोडून खांदा द्यायला उठतील."