प्रार्थनेत मध्ये बोलू नये

आमच्या शेजारच्या मार्थाअक्का डोळे मिटून भांडतात. थट्टा नाही. देगलुरातला आमचा नळवाला ‘येतो, येतो’ म्हणून महिनाभर आला नाही, तो एकदा अक्कांना भर रस्त्यात सापडला. अक्कांनी तिथंच हात जोडले, डोळे मिटले. “हे दयाळू पित्या, ह्या तुझ्या लेकराला सुबुद्धी दे. माझ्या घरी नळ गळून राहिलाय आणि हा पानटपरीवर बसून राहिलाय, तुला तर ठावूकच हाय!” नळवाल्याचा चर्चशी काडीचा संबंध नाही, पण बिचारा टोपी काढून उभा राहिला. शेवटी “आमेन” म्हणाला आणि पाना घेऊन आला.

अक्का सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. एकट्याच राहतात. चहाला बोलावलं की “आज न्हाई सर, लई कामं हायत” हे ठरलेलं उत्तर.

भांडणाची ही विद्या त्यांना चर्चमध्येच साधली. त्यांच्या मंडळीत बायांनी झाडायचं, फुलं मांडायची, गाणी म्हणायची. उपदेशाला मात्र पुरुषच उभा राहणार, अशी जुनी रीत. बाईनं प्रार्थना केलेली चालते. आणि प्रार्थनेत कुणी मध्ये बोलायचं नसतं. अक्कांना एवढी फट पुरली.

मी शेजारधर्म म्हणून सणासुदीला जातो, त्यामुळे हे कानांनी ऐकलंय. “प्रभू, तू मेलेल्यातून उठलास, तवा तुझ्या रिकाम्या कबरीची खबर आधी बायांनी आणली. तुझे बाप्ये चेले भिऊन दाराला कडी लावून बसले होते. तुला तर ठावूकच हाय!” असं बराच वेळ चाले. वडीलधारे मिटल्या डोळ्यांनी चडफडत, पण करतात काय?

यंदा ईस्टरला चर्चच्या नव्या तरुण पाळकांनी, म्हणजे पाद्रीबाबांनी, रीत मोडली. “अक्का, उपदेश तुम्हीच करा.” वडीलधारे फुरंगटले. अक्का आठवडाभर परसात कोंबड्यांपुढे सराव करत होत्या. “सर, म्या चुकले तर पुन्हा कुण्या बाईला तिथं उभं करायचे न्हाईत,” एवढंच मला म्हणाल्या.

त्या दिवशी पांढरी साडी नेसून त्या व्यासपीठावर चढल्या आणि गप्पच झाल्या. इतक्या लोकांपुढे उघड्या डोळ्यांनी बोलायची सवयच नव्हती. पुढच्या बाकावरचे एक आजोबा मुद्दाम खोकले.

“सगळ्यांनी डोळे मिटा,” अक्का म्हणाल्या.

सगळ्यांनी मिटले. मी जरा किलकिले ठेवले. अक्कांचे मात्र सताड उघडे होते. एकेका चेहऱ्याकडे बघत त्या बोलत होत्या, आणि काय बोलल्या! खोकणारे आजोबासुद्धा रुमाल शोधू लागले. शेवटी नाव घेऊन प्रत्येकासाठी मागणं मागितलं, माझ्या रक्तदाबासकट, नळवाल्यासकट.

परतताना मी म्हटलं, “अक्का, सगळ्यांची नावं आली, तुमचंच राहिलं.”

“माझं काय निराळं सांगायचं सर? घरात दिवसभर त्याच्याशीच बोलून राहिले. दुसरं हाय कोण?”

त्या हसतच म्हणाल्या. मला हसू आलं नाही. लई कामं म्हणजे कसली कामं, ते कळलं आणि फार वाईट वाटलं.

संध्याकाळी बायकोनं चहाचं आधण ठेवलं आणि मी अक्कांच्या दारात जाऊन उभा राहिलो. हात जोडले, डोळे मिटले.

“हे दयाळू पित्या, ही तुझी लेक चहाला बोलावलं की कामं सांगून राहिलीय. काम एक न्हाई, तुला तर ठावूकच हाय. आमच्या घरी तिची वाट बघून राहिलेत.”

प्रार्थनेत मध्ये बोलता येत नाही. अक्का शेवटपर्यंत उभ्या राहिल्या, मग हळूच “आमेन” म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.