डेल रॅकलीची उलटी समाधी

"अडतीस वर्षांच्या घोड्याला वर्षाला एक कोटी ऐंशी लाख डॉलर? अहो, त्याचा चेंडू फलंदाजापर्यंत पोचेस्तोवर माझी कोबी शिजते!" असं म्हणून ब्रोन्या कुझावानं पिरोगीची, त्या पोलिश करंजीची, कड अशी दाबली, की आतल्या बटाट्याला जीव असता तर तो ओरडलाच असता.

ईस्टरआधीच्या उपासकाळातला शुक्रवार होता. चर्चच्या तळघरात मासे तळले जात होते, खाणाऱ्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती, आणि बेसबॉलचा मोसम सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते. अशा दिवसांत आमच्या टेकडीवर माणसं माशाला नावं ठेवत नाहीत, संघाला ठेवतात. आमच्या आयर्नमेन संघाच्या मालकानं सांगून टाकलं होतं, की तिजोरीत पैसा एकापुरताच आहे. एक तर चेंडू टाकणारा म्हातारा पिचर डेल रॅकली ठेवायचा, नाही तर तेवीस वर्षांच्या रामोन ओकांदोशी सात वर्षांचा करार करायचा. रामोन शॉर्टस्टॉपच्या जागी चेंडू अडवायला उभा राहिला, की त्याच्या अंगावरून चेंडू काय, माशीसुद्धा पुढं जात नसे.

"वय झालं असेल, पण अनुभव आहे त्याला," कढईमागून ब्रोन्याचा नवरा ल्यूटेक म्हणाला. रॅकली त्याचा देव होता. सहा वर्षांपूर्वी मैदानावरून रॅकलीनं आपल्याला हात केला, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

"अनुभवानं चेंडू जोरात जात नाही! आणि तुला कसला हात करतोय? माशी वारत होता तो."

"मी मालक असतो ना, तर दोघांनाही ठेवलं असतं," मिठाची बरणी घेऊन आलेला स्टॅश बोगुश मध्येच बोलला.

"तू मालक असतास स्टॅश, तर संघ केव्हाच पत्त्यांत हरला असतास. मीठ ठेव आणि नीघ."

तळघरात ब्रोन्यापुढं कुणाचं चालत नसे, कारण ती टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर बसायची. सव्वीस वर्षं ती खुर्ची तिची होती. त्या खुर्चीवर बसणारी बाई पिरोगीची कड किती जाड ते ठरवते, कुणी कोबीपाशी उभं राहायचं ते ठरवते, आणि कुणाची सून चांगली तेही ठरवते. शेजारच्या खुर्चीवर क्लारा पिएत्रास एकोणीस वर्षं बसून होती. बोलायची कमी, बघायची फार.

मालक काही पिरोगी खायला येत नव्हता. मग त्याला सांगणार कसं? ब्रोन्यानं रात्रभर डोकं चालवलं. आमच्याकडे घर विकायचं असलं, की संत योसेफाची मूर्ती दारापुढच्या मातीत डोकं खाली, पाय वर करून पुरतात. ब्रोन्याच्या बहिणीचं गळकं घर असं अकरा दिवसांत गेलं होतं. घर खपतं, तर पिचर का खपू नये? फक्त संताला बिचाऱ्याला कशाला उलटं टांगायचं? जो माल विकायचा, तोच पुरावा. शिक्षण चौथीपर्यंतच, पण हिशेब चोख.

ब्रोन्याच्या घरी टीव्हीच्या डोक्यावर संत योसेफाच्या मूर्तीशेजारी रॅकलीचा मान डोलवणारा बाहुला उभा होता. मैदानावर पहिल्या दहा हजार माणसांना फुकट मिळाला होता, आणि ल्यूटेक त्यासाठी पहाटेपासून रांगेत उभा राहिला होता. शनिवारी दुपारी ल्यूटेक केस कापायला गेला आणि ब्रोन्यानं डाव साधला. माती दगडासारखी गोठलेली. तिनं दोन किटल्या उकळतं पाणी ओतलं, सूप वाढायच्या डावानं खड्डा केला, रॅकलीला डोक्यावर उभा केला, माती लोटली, छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, "जा बाबा. कुठंही जा. पण जा."

समोरच्या घरात व्हेरा खिडकीच्या पडद्याआड होती. व्हेरा कायम पडद्याआडच असते. तिला दिसलं ते एवढंच: ब्रोन्या कुझावा गुडघ्यांवर बसून, दारापुढच्या मातीत काहीतरी उलटं पुरतेय आणि वर क्रूस काढतेय. आमच्या टेकडीवर याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल.

रविवारी प्रार्थनेनंतर फादर झिग्मंटनी ब्रोन्याचा हात दोन्ही हातांत धरला. "फ्लोरिडात ऊन चांगलं असतं हो, ब्रोन्या. हाडांना बरं."

आमच्याकडची म्हातारी माणसं घर विकून फ्लोरिडात राहायला जातात; पण आपले आयर्नमेनही तिथंच सराव करतात, फादर त्यांचंच बोलतायत, असं तिला वाटलं. "ऊन असू द्या फादर. पण जे म्हातारे झालेत, त्यांचा तिथं काय उपयोग?"

"असं नको बोलूस!" फादरांचे डोळे भरून आले.

सोमवारी शेरिल नावाची घरांची दलालीण मोजायची फीत घेऊन दारात हजर. "स्वयंपाकघर जुनं आहे, पण नळ छान आहेत. किती सांगायचे म्हणताय?"

"नळाचे?"

"घराचे."

"तुम्ही घर चुकलात वाटतं," म्हणून ब्रोन्यानं दार लावलं. मंगळवारी ती पुन्हा आली. बुधवारी एका नव्या जोडप्याला घेऊन आली. त्यातल्या बाईनं खिडकीतूनच पडद्यांना नाक मुरडलं.

तिकडे क्लबात स्टॅशनं ल्यूटेकच्या खांद्यावर हात ठेवला. "ल्यूटेक, तुझी मैदानावरची खुर्ची. तिसऱ्या बेसमागची. तू नसलास की मला देशील ना? बाहेर कुणाला जायला नको रे."

"मी नसलो म्हणजे? कुठं चाललोय मी?"

"आता ते मी कशाला बोलू? बायका सगळं बोलल्यात."

आदल्याच आठवड्यात ल्यूटेकचं रक्त तपासलं होतं. तो घरी आला, सोफ्यावर आडवा झाला आणि घोंगडी हनुवटीपर्यंत ओढून म्हणाला, "ब्रोन्या, डॉक्टर तुला एकटीला काय बोलले, ते खरंखरं सांग."

"बीअर कमी कर म्हणाले. ऊठ!"

तो उठला नाही. रॅकलीचा बाहुला टीव्हीवर नाही, हेसुद्धा त्याच्या लक्षात आलं नाही, इतका तो मरण्यात गुंतला होता.

गुरुवारी कणीक मळायचा दिवस. शेरिलनं पुन्हा दारात अडवल्यामुळं ब्रोन्याला दहा मिनिटं उशीर झाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. ती तळघराचा जिना उतरत होती, तोच आतून क्लाराचा आवाज आला. एरवी न बोलणारी क्लारा आज मालकासारखी बोलत होती.

"खरं सांगू? हात मंदावलाय तिचा. पूर्वी वीस मिनिटांत ताट भरायची. आता अर्धा तास."

"पण तिचा अनुभव गं, क्लारा?"

"अनुभवानं पिरोगी चिमटली जात नाही. बघा, मी टोकाला बसते. योल्यांता माझ्या जागी. कोबीला एखादी तरुण आणू. ती तर चाललीच आहे. व्हेरानं संताला पुरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

ब्रोन्या जिन्यावरच थबकली. शेरिल, फादर, स्टॅश, घोंगडीखालचा नवरा, सगळं एका झटक्यात डोक्यात बसलं. त्याहून जास्त टोचलं ते अनुभवाचं वाक्य. ते तिचंच होतं. स्वतःच्या पायतणाचा मार स्वतःच्या गालाला कसा लागतो, ते तिला त्या दिवशी कळलं.

ती आत शिरली. "क्लारा, ऊठ माझ्या खुर्चीवरून. घर विकायचं नाहीये."

क्लारा उठली नाही. "मग पुरलंस काय?"

ब्रोन्यानं मनात हिशेब केला. खरं सांगावं, तर टेकडी हसणार आणि नवरा आयुष्यभर अबोला धरणार. न सांगावं, तर खुर्ची गेली.

"चला गं, बघूनच येऊ," क्लारा म्हणाली. आणि नऊ बायका, हाताला पीठ, कमरेला ॲप्रन, टेकडी चढून कुझावांच्या दारात आल्या. फावडं घेऊन स्टॅश आला. गर्दी पाहून शेरिलही गाडीतून उतरली. आपल्यालाच न्यायला आलेत असं वाटून ल्यूटेक घोंगडीसकट ओट्यावर येऊन उभा राहिला.

तिसऱ्या घावाला पाय दिसले. स्टॅशनं ओढलं. नाकातोंडात माती गेलेला डेल रॅकली बाहेर आला आणि सगळ्यांसमोर मान डोलवू लागला. हो, हो, हिनंच, हिनंच.

"माझा रॅकली!" ल्यूटेकची घोंगडी गळून पडली. "ब्रोन्या, तू त्याला पुरलंस?"

नऊ बायका कान टवकारून उभ्या. ब्रोन्यानं पदर नसल्यामुळं ॲप्रन खोचला.

"पुरला नाही, शेक दिला. म्हाताऱ्या पिचरचा खांदा आखडतो. गरम पाणी ओतून मातीत ठेवला, की सुटतो. माझ्या आईचं औषध आहे. तुझ्या देवासाठी गुडघे फोडून घेतले मी, आणि तू मला विचारतोस?"

ल्यूटेकनं बाहुल्याचा खांदा चाचपून पाहिला. "सुटलाय खरा," तो गहिवरून म्हणाला.

"आणि ऐका सगळ्याजणी," ब्रोन्यानं आवाज चढवला. "अडतीस काय वय आहे? त्याला कुठल्या फलंदाजाला काय टाकायचं ते कळतं. काल आलेल्या पोरांना हे कोण शिकवणार? मला विचाराल, तर एक कोटी ऐंशी लाख कमीच आहेत!"

तेवढ्यात स्टॅशच्या खिशातला रेडिओ बोलला. रॅकलीनं आपण होऊन अर्धा पगार सोडला होता, त्या पैशात रामोनचा करार झाला होता. दोघंही राहणार! स्टॅशनं फावड्याला मिठी मारली, ल्यूटेकनं शेरिलला मारली.

"पाहिलंत?" क्लारा हळूच म्हणाली. "म्हातारी माणसं आपण होऊन अर्धं सोडतात."

"सोडतात तर," ब्रोन्या गोड हसली. ती अशी हसली, की जुन्या बायका दोन पावलं मागं सरतात.

शुक्रवारी ब्रोन्या टोकाच्या खुर्चीवर होती आणि ताट अठरा मिनिटांत भरत होतं. शनिवारी सकाळी ल्यूटेकनं धुतलेला रॅकली टीव्हीवर ठेवला. शेजारची जागा मोकळी होती.

"ब्रोन्या, इथला संत योसेफ कुठं गेला?"

"कामाला गेलाय," ब्रोन्या म्हणाली आणि खिडकी उघडून टेकडीच्या उताराकडं पाहू लागली. तिथं क्लाराच्या दारापुढची माती ओली दिसत होती, आणि फाटकातून शेरिल मोजायची फीत सोडत आत शिरत होती.