हसीनाबेगमांच्या गच्चीचा वेढा

स्वस्ति. पावसाने लागोपाठ दोन वर्षे पाठ फिरविली, विहिरींचे तळ उघडे पडले आणि छत्रपती संभाजीनगर शहर हर्सूल ओलांडोन डोंगराकडे पसरो लागले, त्या समयी खुलताबाद परगण्यातील आमचे गावी धान्याकारणे जे रण माजले त्याची हकीकत साद्यंत लिहिली असे.

गावचे स्वस्त धान्य दुकान कारभारी यांचे अमलाखाली होते. अंगठा घेणारे यंत्र त्यांचे हाती, आणि ते स्वतः सरपंच सर्जेराव यांचे हाती. निवडणुकीत खालच्या आळीने बटण उलटे दाबिले ऐसा सर्जेरावांस वहीम आला, आणि मग हुकूम सुटला की वरच्या आळीचा अंगठा यंत्राने घ्यावा आणि खालच्या आळीचे माणूस दिसताच रेंज जावी. तैसेच घडो लागले. तीन महिने खालच्या आळीने पिशव्या रिकाम्या नेल्या आणि रिकाम्या आणिल्या. चतुराबाई नामे एकट्या वृद्धा शाळेतील उरल्यासुरल्या खिचडीवर दिवस काढो लागल्या.

मग दैवास थट्टा सुचली. शहरालगत नव्या वसाहती उठल्या, सबब टॉवरचे तोंड तिकडे फिरविले ऐसे लोक बोलत. कारण काही असो, गावची रेंज खरोखरीच गेली. वरच्या आळीचेही डबे वाजो लागले, आणि महिनाअखेर तोंडावर आली. कारभारी यंत्र घेऊन देवळाच्या कट्ट्यावर गेले, आणि मग लिंबावर चढले, आणि तेथे मुंगळ्यांनी निकराचा हल्ला केला, आणि मग माघार घेऊन त्यांनी गावास ठाऊक होते ते कबूल केले: रेंज उरली ती एका हसीनाबेगमांच्या गच्चीवर.

बेगम खालच्या आळीच्या, शिवणकाम करोन घर चालविणाऱ्या. गच्चीस जिना नाही, बांबूची शिडी. बेगमांनी अदबीने शिडी लाविली, कारभारी चढले, यंत्रात रेंजेच्या दोन दांड्या उगविल्या, आणि तत्क्षणी बेगमांनी शिडी काढोन घेतली.

“कारभारीभाऊ, तीन म्हैने तुमी म्हनले रेंज नाय, आमी गुमान घरी गेलो. आता रेंज हाय. समद्यायचे अंगठे घ्या, मंग उतरा.”

वरोन कारभाऱ्यांचे फर्मान आले की खालच्या आळीचे अंगठे यंत्र स्वीकारीत नाही. बेगमांनी उलट निरोप दिला की मग सुखाने बसावे, ऊन फार आहे, पाणी पाठविते. आणि दोरीने तांब्या चढविला.

वर्तमान कळताच सर्जेराव कुमक घेऊन निघाले. शिडी पूर्ववत करावी ऐसी आज्ञा केली. परंतु त्यांचे शिधापत्रकही गरिबांचेच असल्याकारणे त्यांच्या पत्नी भानुमतीबाई पिशवी घेऊन आधीच तेथे हजर होत्या.

“घरात दळन नाय,” त्या म्हणाल्या. “आधी रांगंत हुभं ऱ्हावा, हुकूम मंग सोडा.”

कुमक फुटली. तह ठरला की जो जैसा आला तो तैसा चढेल, आळी कोणी पुसणार नाही. शिडी लागली. चतुराबाईंस खालोन दोघींनी रेटिले, वरोन बेगमांचा लेक अझहर याने ओढिले, आणि त्यांनी अंगठा टेकविताच व्यवहार यशस्वी जाहला ऐसे यंत्र स्वमुखे बोलिले. खाली पिशव्या आभाळात उडाल्या. सर्जेराव रांगेत, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभे होते.

सर्वांचे अंगठे जाहले. आता उतरावे, ऐसे सर्वांनी विनविले. चतुराबाईंनी शिडीच्या तोंडाशी मांडी ठोकिली.

“मागल्या तीन म्हैन्याचं बी देऊन टाक म्हनावं याला. तवर म्याबी हितंच, ह्योबी हितंच.”

कारभाऱ्यांनी सूर्याकडे पाहिले, चतुराबाईंकडे पाहिले, आणि कमरेची किल्ली खाली टाकिली. दुकानाची मागील खोली उघडिली, तो खालच्या आळीचा तीन महिन्यांचा गहू-तांदूळ थप्पीस लागलेला सापडला. त्यास बाहेर काढण्यास रेंज लागली नाही.

येणेप्रमाणे खालच्या आळीची फत्ते जाहली, घरोघर तवे तापले, आणि चतुराबाई सावकाश, शिडीची प्रत्येक पायरी तपासीत, खाली उतरल्या. पाहिले तैसे लिहिले. इति.