एका बैठकीतलं घर

“चित्र एका बैठकीत उरकते! बाबांची मुलगी आहे मी!” तिनं आईला छातीठोकपणे सांगितलं. आजवर आपण बाबांचे फक्त ब्रश धुतले आहेत, एवढा तपशील तिनं गाळला.

बाबांनी उघड्यावर बसून साऱ्या गावाची चित्रं काढली, आपल्या घराचं मात्र एकही नाही. “घर काय पळून जातंय?” म्हणायचे. बाबा गेले, आणि आता घरही विकलं गेलं. उद्या किल्ल्या द्यायच्या होत्या. बाबांनी स्वतः रंग कालवून रंगवलेली पिवळी भिंत आईला सोबत हवी होती.

“फोटो काढू?”

“फोटोत ती आजारी दिसते गं.”

म्हणून ती रस्त्यापलीकडे स्टूल टाकून बसली. बाबांचे नियम दोनच. समोर दिसेल तेच रंगवायचं, आणि चित्र होईपर्यंत उठायचं नाही.

आकाश झालं. छप्पर झालं. आणि फाटकातून एक शिडी आत शिरली! शिडीमागोमाग रंगारी. नव्या मालकाला कुठला दम? त्यानं आजच माणूस धाडला होता. बादलीत रंग होता राखाडी!

रंगारी डाव्या कोपऱ्याला भिडला. ती घाईनं उजवीकडे वळली. एक डोळा मिटून, हात लांब करून तिनं ब्रशच्या दांड्यानं खिडकीचं माप घेतलं. रंगाऱ्यानं ते पाहिलं, मान डोलावली आणि शिडी उचलून थेट खिडकीला लावली!

“अहो, तिथं नको!”

मधून ट्रक धडधडत गेला. रंगाऱ्यानं कपाळाला हात लावून सलाम ठोकला आणि हात दुप्पट वेगानं चालवला.

तिनं दाराचं माप घेतलं. शिडी दाराशी! खांबाकडे ब्रश रोखला. शिडी खांबाशी! चोराचा हात धरून आपणच त्याला तिजोरी दाखवत फिरावं, तशी गत. समोरचं पिवळं आक्रसत चाललं होतं आणि नियमाप्रमाणे तिला राखाडीच फासावा लागत होता. अखेर दुसरा नियम मोडून ती उठली आणि ओलं चित्र सांभाळत रस्त्यापार धावली.

“काका, थांबा! काय चालवलंय हे?”

“म्हणजे? तुम्हीच तर काठी रोखून जागा दाखवत होता! म्हटलं, मालकीणबाई देखरेखीला बसल्यात. जेवायलासुद्धा उतरलो नाही मी!”

आवाज ऐकून आई बाहेर आली. तिनं चित्र बराच वेळ पाहिलं. राखाडी भिंत, शिडीवर पाठमोरा माणूस, आणि पायरीजवळ तळहाताएवढं पिवळं.

“आई, नाही जमलं गं मला.”

“एवढं पिवळं पुरे,” आई म्हणाली आणि तिनं त्याला हलकेच बोट लावलं. बोट पिवळं झालं. तिनं ते पुसलं नाही.

शिडीवरून वाकून बघणाऱ्या रंगाऱ्यानं जीभ चावली.

“ताई, मनाला लावून घेऊ नका. वरून रंगाचा दुसरा हात बसला ना, की खाली काय होतं ते कुणाला कळायचंसुद्धा नाही!”