दिडकीची न्हाणी

"मायी अंजू आर्किटेक्ट होणार!" रूपसिंगनं बंजारा तांड्याच्या पारावर छाती फुगवून जाहीर केलं. "होणार काय, अर्धी तं झालीच!"

अर्धी कशी? तर चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, दोन्ही परीक्षांत तिला ए ग्रेड मिळाली होती. चित्र येतं म्हणजे नकाशा येतो, नकाशा येतो म्हणजे घर बांधता येतं, मग उरलं काय? अकरावीला आर्ट्स घ्यायचं, मजेत चित्रं काढायची आणि आर्किटेक्ट होऊन घरी यायचं. रूपसिंगच्या डोक्यात सगळा बेत पक्का होता.

दहावी पास झालेली अंजू शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली, "बापू, आर्किटेक्टले बारावीत गणित लागतेच. सायन्स घ्या लागते. सरांनी सांगतलं."

गणित! घरात साप निघावा तसा रूपसिंग दचकला. बिचाऱ्याची भीती खोटी नव्हती. दहावीला तो तीनदा बसला आणि तिन्ही वेळा गणितानंच त्याला घरी पाठवलं. पोरीच्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. पण मला भीती वाटते असं चारचौघांत कबूल करील तो बाप कसला! तो उलट गरजला, "गणित कायले लागते? घर इटांनी उभं राह्यते, का पाढ्यांनी? तू चित्र काढ, मी बांधून दाखवतो!"

तांड्याचे नायक देवसिंग तंबाखू मळत बसले होते. त्यांनी तिथल्या तिथं पैज लावून दिली. अंजूच्या चित्रावरून रूपसिंगनं घरामागं न्हाणी बांधायची, गणिताला शिवायचंसुद्धा नाही. न्हाणी जमली तर अंजू आर्ट्सला, फसली तर सायन्सला. पांढरकवड्याच्या कॉलेजात प्रवेशाचा शेवटचा दिवस सोमवार होता, म्हणजे रविवारपर्यंत काय तो निकाल लागायला हवा!

अंजूनं चित्र काढलं ते फारच झकास. दारात उभं राहून आत पाहावं तशी न्हाणी. दोन्ही बाजूंच्या भिंती आत आत गेलेल्या, पार मागं एक भिंत, तिच्यात इवलीशी खिडकी, खिडकीखाली बसायचा दगड आणि शेजारी मोरी.

"बापू, हे नुसतं चित्र आहे बरं. मापाचा नकाशा नाई."

"तू जाय वं मामाकडे! मले नको शिकवू!"

अंजू झरीला मामाकडे गेली आणि रूपसिंगनं काम काढलं. मिस्त्री बोलावला नाही, कारण मिस्त्री फुकटची अक्कल शिकवतो. दृष्ट लागू नये म्हणून चहूकडून बांबूचे तट्टे बांधले. अंजूची फूटपट्टी घेऊन चित्र मोजलं आणि ठरवलं, कागदावरच्या एका इंचाला जमिनीवर दीड फूट. आज्यानं लहानपणी पाठ करून घेतलेली दिडकी त्याला अजून येत होती. पुढची रुंदी चार इंच? चार दीड सहा! उंची पाच इंच? पाच दीड साडेसात! मागची भिंत एक इंच रुंद, दोन इंच उंच? एक दीड दीड, दोन दीड तीन! रूपसिंग पाढा गुणगुणायचा आणि इटा रचायचा.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको सुखीबाई चहा घेऊन तट्ट्याआड आली आणि कप हातातच राहिला.

"अवो, मांगची भिंत इतकी बारकी काहून?"

"चित्रात तशीच आहे! पोरीवर भरवसा नाई का तुया?"

पोरीचं नाव निघालं तशी सुखीबाई कप ठेवून परत गेली. न्हाणी पुढून हत्ती जाईल एवढी आणि मागून शेळी अडकेल एवढी! वर त्याच उताराचे टिनाचे पत्रे. तेल ओतायचं नरसाळं आडवं पाडावं, तशी ती दिसत होती.

रविवारी उद्घाटन. मान थोरल्या बहिणीचा. हंसाबाईला शेजारच्या तांड्यात दिलेली, पैजेची खबर तिथवर पोचलेली. ती आली ती आरशांचा घेरदार फेटिया-घागरा, कांचळी-चोळी आणि कोपराच्या वरपर्यंत बांगड्या अशा थाटात. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून. नारळ फुटला, तट्टे निघाले आणि सगळा तांडा आ वासून पाहत राहिला.

"आत जाय बाई, पहिलं पानी तूच घे! मोरी पार मांगं आहे!" रूपसिंग म्हणाला.

बाई हंडा घेऊन शिरली. आधी ताठ, मग वाकून, मग बसून, मग सरकत. दगडावर टेकली आणि भावाच्या नावानं हंडा अंगावर ओतला. फेटिया भिजून फुगला, बांगड्या दोन्ही भिंतींना भिडल्या आणि हंसाबाई गच्च बसली!

"रूप्या! मी अटकली रे!"

तांड्यात हाहाकार! सुखीबाईनं पाय ओढले, दोघांनी सुखीबाईला ओढलं. पायातलं कडं तेवढं हातात आलं. नेमकी त्याच वेळी झरीहून अंजू आली. न्हाणी पाहून तिनं कपाळाला हात लावला.

"बापू! हे काय केलं?"

"चित्रावानी केलं! एक सूत इकडंतिकडं नाई!"

"अवो, दूरचं लहान दिसते म्हणून लहान काढलं!" तिनं हायवेकडे बोट दाखवलं. "थो ट्रक पाहा, कसा काडेपेटीएवढा दिसते. तिथं जाऊन लहान झाला का थो?"

रूपसिंगनं ट्रक पाहिला. न्हाणी पाहिली. पुन्हा ट्रक पाहिला.

"सब्बल आन! भिंत फोडा!" कुणीतरी ओरडलं. रूपसिंग मागं धावला आणि त्यानं सब्बल उगारली. तेवढ्यात मान मागं वळवून खिडकीतून पाहणाऱ्या हंसाबाईचे डोळे चमकले.

"थांब! आधी पोरीले गणित दे!"

"बाई, आधी बाहीर तं ये!"

"गणित नाई, तं मी नाई!" तसंही बाईला कुठं जाता येणार होतं! पण आवाज असा, की रूपसिंगची सब्बल हवेतच राहिली.

"देल्लं! देल्लं गणित!"

भिंत पडली. हंसाबाई ओल्या फेटियासकट बाहेर आली आणि भावाच्या पाठीत तिनं एक सणसणीत धपाटा घातला.

इकडे अंजू टेप लावून राहिलेल्या भिंती मोजत होती. एकेक माप चित्राशी ताडत गेली तसे तिचे डोळे मोठे होत गेले. "बापू, हे हिशोब कोणी केले? सगळेच्या सगळे बरोबर आहेत! पैकीच्या पैकी!"

"कायचे हिशोब? म्या नुसती दिडकी म्हटली."

"मंग दिडकी काय भजन आहे का?" सुखीबाई कडाडली.

देवसिंग नायकांनी तंबाखू थुंकली. "म्हणजे पहिल्याच इटेले तू पैज हारला होता लेका!"

रूपसिंग मटकन ढिगाऱ्यावर बसला. गणित! त्यानं स्वतः केलं? आणि बरोबर आलं? जन्मभर ज्याला घाबरला ते असं नकळत घरात शिरलेलं पाहून त्याचे डोळेच भरून आले. अंजूच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "घे पोरी सायन्स. तुले जमन."

सोमवारी बापलेक काळी-पिवळी जीपमध्ये बसून पांढरकवड्याला निघाले. रूपसिंगची छाती पुन्हा फुगलेली. शेजारच्या अनोळखी माणसाला तो सांगत होता, "पोरगी आर्किटेक्ट होणार. गणित घेऊन राह्यली. गणित तं आमच्या रक्तातच आहे! मी सोता बांधकामात असतो न!"

"अस्सं? काय बांधलं मंग तुम्ही?"

अंजूनं ओढणी तोंडावर घेतली. रूपसिंगनं बाहीवर राहिलेली विटांची धूळ झटकली.

"सध्या पाडून राह्यलो."