पुरती वॅट

मला बायकोला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. धक्का बसला. आश्चर्य मात्र कोणालाच वाटलं नाही.

आधीच सांगून टाकतो, मी वीज खात्यात आहे. चोवीस वर्षं. (रजेच्या अर्जांवर शिक्के मारतो. पण खातं विजेचंच ना!) त्यामुळे घरात साधा बल्ब गेला तरी बायको आधी माझ्याकडे बघते आणि मग वायरमनला फोन करते.

बायको घरांचे नकाशे काढते. इतकी वर्षं ते दुसऱ्याच्या ऑफिसात काढले, खाली नाव साहेबांचं. यंदा तिनं स्वतःचं काम सुरू केलं आणि पहिलंवहिलं गिऱ्हाईक मिळालं, एक निवृत्त मुख्याध्यापिका. बाईंना आपलं जुनं घर आतून बदलून हवं होतं. रविवारी चार वाजता आमच्याकडे येऊन त्या कॉम्प्युटरवर नवं घर बघणार होत्या. आवडलं तर काम हिचं. नाही आवडलं तर ही पुन्हा जुन्या साहेबांच्या दारात. आठवडाभर तिला घास गोड लागत नव्हता.

घर तिनं सुरेख केलं होतं, पण आमचा कॉम्प्युटर चौदा वर्षांचा. पडद्यावर घर फिरवायला गेलं की तो दम खात खात फिरवायचा. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात पोचेपर्यंत माणसाला भूक लागायची. ग्राफिक्स कार्ड घातलं तर पळेल, असं दुरुस्तीवाला म्हणाला होता, पण त्याला वेळ नव्हता.

"आहे तस्सं दाखवते," रविवारी सकाळी बायको म्हणाली. "तुम्ही फक्त कशाला हात लावू नका." आणि कापडाचे नमुने आणायला बाहेर पडली.

आता 'हात लावू नका' म्हटल्यावर ज्याचे हात शिवशिवत नाहीत तो नवरा कसला! तासाभरात मी कार्ड घेऊन घरी हजर.

कॉम्प्युटर उघडला. आत चौदा वर्षांची धूळ, आणि कोपऱ्यात सगळ्यांना वीज पुरवणारा पत्र्याचा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय. त्याच्यावर स्टिकर: साडेचारशे वॅट. मला भरून आलं. तरी खात्याची शिस्त म्हणून वरिष्ठांचा सल्ला घ्यावा, या विचारानं दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो रस्त्यावर होता. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट.

"कार्ड आणलंय! जुन्याच सप्लायवर लावू का?"

"चौदा वर्षांचा ना तो? अहो साहेब, वाट लागेल!"

मला ऐकू आलं, वॅट लागेल. (तुम्हीच सांगा, हॉर्नमध्ये काय फरक कळतो?)

"वॅट तर लागणारच की हो! किती लागेल?"

"किती म्हणजे? पुरती लागेल!"

"पुरतील ना?"

"पुरती! पुरती!"

"पुरतील. झालं तर मग!" म्हटलं आणि फोन ठेवला. भला माणूस, अगदी ओरडून ओरडून सांगत होता.

कार्ड खाचेत बसवलं. सप्लायला कार्डाची पिन नव्हती, पण कार्डाच्या खोक्यात जोडवायर होती, ती लावली. देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. आणि काय सांगू! पंखे फिरले, पडदा उजळला, घर गर्रकन वळलं! मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या.

साडेतीनला बायको आली. आधी उघडा कॉम्प्युटर बघून तिचा चेहरा पडला. मग मी घर फिरवून दाखवलं.

"अगंबाई! हे तर लोण्यासारखं फिरतंय हो!" तिनं चक्क माझा दंड धरला. लग्नानंतर असा दंड तिनं फक्त एकदा, झुरळ निघालं तेव्हा धरला होता.

चारला बाई आल्या. करड्या केसांचा अंबाडा, हातात वही. पडद्यावर उजेड नको म्हणून बायकोनं खिडकीचे जाड पडदे ओढले आणि खोल्या दाखवल्या. बाई मान डोलवत होत्या. सगळं रुळावर होतं हो! पण मला राहवेना.

"अगं, दिवे लाव की! सावल्या, खिडकीतलं ऊन, सगळं फुल्ल कर!"

"राहू दे ना."

"लाव गं!"

तिनं लावले. पडद्यावरच्या घरात एक एक दिवा लागत गेला. सप्लाय आधी गुणगुणला, मग कण्हला, मग फट् झालं. जळका वास आला आणि आमच्या घरातले सगळे दिवे गेले.

"घर छान होतं," अंधारातून बाई म्हणाल्या. "गेलं कुठं? या भागातली लाइट गेली का?"

"नाही. आमच्याकडचीच," बायको म्हणाली. "आमचे हे वीज खात्यात आहेत."

"अस्सं. म्हणजे घरीही तेच करतात."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. बायकोनं पदरानं डोळे टिपले, खिडकीचे पडदे बाजूला सारले, कार्डाचा रिकामा खोका उचलला आणि कात्री घेतली. दहा मिनिटांत तिनं त्याच्या भिंती उभ्या केल्या, खिडक्या कापल्या आणि ते घर खिडकीपाशी नेऊन ठेवलं. चारचं खरंखुरं ऊन पुठ्ठ्याच्या खिडकीतून आत पडलं. बाई पुढे सरकल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं एक भिंत बोटभर मागे सारली.

"इथं माझी खुर्ची," त्या म्हणाल्या. "काम तुम्हीच करायचं. मला घर आता कळलं."

मी आनंदानं ओरडणार होतो, पण बायकोनं नुसतं बघितलं.

तेवढ्यात दुरुस्तीवाला धावत आला, काखेत नवा सप्लाय. "अहो, वाट लागेल म्हणालो होतो मी! वाट! वॅट नव्हे!" त्यानं जुना डबा काढला, नवा बसवला, लाइट चालू केली. पडदा उजळला. हिचं सगळं काम जागच्या जागी होतं, कार्डही धडधाकट.

"पण त्यावर साडेचारशे लिहिलं होतं," मी म्हटलं.

"स्टिकरवर काय, वाट्टेल ते लिहितात! चौदा वर्षांत आतून पार थकलेला असतो तो," तो बायकोला समजावू लागला. "पत्र टाइप करा, पत्ते खेळा, असल्या हलक्या कामाला ठीक. जरा जोराचं काम सांगितलं की फट्. आवाज तेवढा मोठा."

बायको जुन्या डब्याकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

"कळलं," ती म्हणाली. "अहो, तुम्ही चहा टाका."